सहा नंबरचा पाय

शहरातल्या एकुलत्या एक दैनिकाचं क्रीडा पान ती एकोणीस वर्षं लिहीत होती आणि अख्खं गाव तिला ताई म्हणायचं. खेळाडू, त्यांचे आईबाप, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा म्हातारा, सगळ्यांचीच ती ताई. खरं तर त्या हाकेवर हक्क एकट्या तिच्या धाकट्या भावाचा. पण तो लहानपणी तिच्यामागे मैदानभर हाका मारत फिरायचा, आणि त्याचं ऐकून बाकीच्यांनी ते नाव उचललं ते कायमचं.

तिच्या पानावर फुटबॉल क्लबला क्लब म्हणायची पद्धत नव्हती. ‘आपली मुलं’ म्हणायचं. आपली मुलं जिंकली की ती झुंजायची, तुटून पडायची. हरली की मैदान ओलं असायचं, वारा उलटा असायचा, नाहीतर पंचाच्या डोळ्यांवर झापड असायची. पाहुण्यांचा गोल नशिबाने व्हायचा, आपला कौशल्याने. पाहुणा पडला तर नाटकं करायचा, आपला पडला तर वेदनेने विव्हळायचा. पहिल्या वर्षी तिने एक सामना सरळ लिहिला होता. संपादकांनी तो वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुम्ही कुठल्या गावच्या?” तेवढं पुरलं. संपादक क्लबचे उपाध्यक्षही होते आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे.

क्लबचा कप्तान तिचा भाचा होता, धाकट्या भावाचा थोरला मुलगा. चोवीस वर्षांचा, बचावफळीत मधोमध खेळणारा, खांद्यांनी रुंद. मैदानाबाहेर इतका अबोल, की घरी पाहुणे आले तर हा पाणी देऊन पुन्हा आत. त्याचे पहिले बूट आत्यानेच घेऊन दिले होते, आणि नाव पहिल्यांदा छापलं तेही तिनेच. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

उपांत्य सामना नदीपलीकडच्या शहराशी होता, रविवारी दुपारी तीनला. दोन शहरांमध्ये एक पूल आणि साठ वर्षांचं वैर. स्टँड दोन वाजताच भरला. पत्रकारांचा लाकडी बाक मैदानाच्या कडेला, राखीव खेळाडूंपासून दहा पावलांवर असायचा. त्यावर ती एकटीच बसली होती, कारण पलीकडच्या पेपरचा वार्ताहर तिच्या शेजारी कधीच बसत नसे. तो लांब, कोपऱ्याच्या झेंड्यापाशी उभा होता.

एकतिसाव्या मिनिटाला पाहुण्यांच्या सहा नंबरने क्लबच्या विंगरच्या तोंडावर कोपर मारलं. पंच पाठमोरा होता. विंगरचा ओठ फुटला, एक दात हलला. सहा नंबर बारीक, चपळ, कुरळ्या केसांचा पोरगा होता, आणि कोपर मारल्यावर तो हात वर करून ‘मी काहीच केलं नाही’ असं हसत मागे गेला. तिने वहीत लिहिलं: ‘३१. त्यांचा ६. कोपर. मुद्दाम.’ स्टँडमधून शिव्यांचा पाऊस पडला.

हाफ टाइमनंतर प्रशिक्षक उभाच राहिला. त्याला सगळे मास्तर म्हणत. साठीचा, जाड मानेचा माणूस, ओरडून ओरडून घोगरा झालेला. साठाव्या मिनिटाला त्याने कप्तानाला शीळ घातली. भाच्याने वळून बघितलं. मास्तरने एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचा अंगठा दाखवला. मग तळहाताची कड स्वतःच्या नडगीवर आपटली, लाकूड फोडावं तशी. भाच्याने मान हलवली. ते तिने दहा पावलांवरून बघितलं.

त्रेसष्टाव्या मिनिटाला सहा नंबरने बॉल रेघेकडे पास केला. बॉल गेला, चांगला सात-आठ हात लांब गेला, आणि मग भाचा दोन्ही पाय पुढे करून आला. सुकी फळी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. सहा नंबर ओरडला नाही. तो स्वतःच्या पायाकडे बघत राहिला, कारण पाय नडगीच्या मधोमध वाकला होता.

पंचाने पिवळं कार्ड दाखवलं. लाल दाखवलं असतं तर तो त्या मैदानातून धड बाहेर पडला नसता, हे त्यालाही ठाऊक होतं. स्टँडच्या वरच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “फिटलं.” लोक हसले. स्ट्रेचर स्टँडसमोरून, रेघेच्या कडेने नेलं तेव्हा टाळ्या वाजायला लागल्या. टाळ्या त्या पोरासाठी नव्हत्याच. स्ट्रेचर तिच्या पुढ्यातून गेलं. तिने खाली बघितलं, तर तिचे स्वतःचे दोन्ही हात छातीशी जुळले होते आणि मधे पेन अडकलं होतं. तीही टाळी वाजवायच्या बेतात होती. सवयीने. तिने हात सोडवले आणि मांडीखाली दाबून धरले.

सामना आपण दोन-एकने जिंकलो.

ऑफिस टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि खोल्यांना बारा महिने रबराचा वास यायचा. सव्वापाच वाजता ती टेबलाशी बसली आणि हातांनी आपोआप मथळा लिहिला: ‘आपली मुलं दिमाखात अंतिम फेरीत!’ पुढच्या ओळीत कप्तानाला या मोसमात किती कार्डं मिळाली तो आकडा हवा होता, म्हणून ती जुन्या अंकांच्या कपाटाकडे गेली आणि मांडी घालून जमिनीवर बसली.

आकडा मिळायला पाच मिनिटं लागली. पण ती तासभर उठली नाही. गेल्या मोसमात तिने लिहिलं होतं, ‘कप्तानाच्या भक्कम अडवणुकीनंतर पाहुण्यांचा आघाडीवीर लंगडत बाहेर गेला आणि तिथेच त्यांचा धीर सुटला.’ त्या आघाडीवीराचा घोटा निखळला होता, हे तिला तेव्हाही माहीत होतं. त्याआधी एकाचं गळपट्टीचं हाड. तिथे शब्द होता ‘कणखर’. त्याहीआधी, भाचा एकवीसचा असताना, एकाची बरगडी मोडली तेव्हा, पाच कॉलमांवर आडवा मथळा: ‘याच्या वाटेला जाल तर हाडं मोजून जा!’ हा मथळा भावाने चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर लावला होता. दर वेळी तिथे बसून चहा पिताना ती तो वाचायची आणि तिला बरं वाटायचं.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हे तिने शाळेत फळ्यावर दहा वेळा लिहिलं होतं. पगार घेऊन एकोणीस वर्षं तेच लिहीत आले, असं तिच्या मनात आलं आणि तिला अंगावर काहीतरी ओलं पडल्यासारखं झालं.

टेबलावर येऊन तिने मथळा खोडला आणि बातमी पुन्हा लिहिली. मथळा साधा: ‘उपांत्य सामन्यात खेळाडूचा पाय मोडला’. तिसऱ्या परिच्छेदात कोपर, तारीखवार लिहावं तसं मिनिटासकट. चौथ्यात मास्तरची बोटं आणि नडगीवरचा हात. पाचव्यात बॉल कुठे होता आणि कप्तान कुठे. शेवटचं वाक्य होतं: ‘जखमी खेळाडूला बाहेर नेताना प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, प्रस्तुत वार्ताहराचेही हात त्यासाठी जुळले होते.’

पानं लावणारा गृहस्थ तीस वर्षं त्या कोपऱ्यातल्या स्क्रीनसमोर बसत आला होता. त्याने बातमी वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“ताई, संपादकांनी बघितलं का हे?”

संपादक क्लबच्या हॉलमध्ये विजयाचे हार स्वीकारत होते.

“बघितलं,” ती म्हणाली.

साडेसातला पान छपाईला गेलं.

सोमवारी सकाळी दारावर थाप पडली ती बेल सोडून हाताने मारलेली. ती तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची. दारात भाऊ उभा होता, हातात पेपरची सुरळी.

“आत ये,” ती म्हणाली.

“आत येण्यासारखं काही ठेवलं नाहीस तू.” तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “माझ्या पोराला गुन्हेगार केलंस.”

“मी त्याला काहीच म्हटलेलं नाही. त्याने काय केलं ते लिहिलंय.”

“पंचाने पिवळं दिलं. पंचाला दिसलं नाही ते तुला दिसलं?”

“मी जवळ होते.”

“तेच म्हणतोय मी. जवळची होतीस ना त्याच्या? मग?”

शेजारचं दार अर्धवट उघडलं आणि तसंच राहिलं. तिने आवाज खाली आणला. “तू स्टँडमध्ये होतास. खरं सांग, बॉल कुठे होता?”

“बॉल कुठे होता ते विचारायला दुनिया पडलीये. तू कशाला?” त्याने सुरळी तिच्या पायाशी टाकली. “तुला पोटचं पोर असतं ना, तर पेन मोडलं असतंस, पण हे लिहिलं नसतंस.”

“तो कसा आहे?” तिने विचारलं.

“कोण? तुझा सहा नंबर?”

“आपला.”

“आपला म्हणू नकोस,” भाऊ म्हणाला आणि जिना उतरून गेला. शेजारचं दार लागलं.

ऑफिसात संपादकांनी दोघांना समोर उभं केलं, तिला आणि पानं लावणाऱ्याला. ते ओरडले नाहीत. ओरडण्यापेक्षा वाईट असा एक संथ आवाज त्यांच्याकडे होता, तो त्यांनी काढला. “पान कोणी सोडलं?”

“यांना मी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलंय म्हणून.”

“म्हणजे खरं छापायला खोटं बोलावं लागलं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तीस वर्षं मी हा पेपर या गावात विकतोय. नदीपलीकडे माझा एक अंक खपत नाही. तुमचं सत्य घेणार कोण? पलीकडचेच ना? मग त्यांच्याकडे जा नोकरीला.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत दिलगिरी आली. लेखिकेची प्रकृती काही दिवसांपासून ठीक नसल्याने मजकुरात अतिशयोक्ती झाली, असं त्यात म्हटलं होतं. तिला बिनपगारी रजेवर पाठवलं. पानं लावणाऱ्याला मेमो मिळाला. तो तिला जिन्यात भेटला आणि भिंतीकडे बघत बोलला.

“तीस वर्षांत एक मेमो नव्हता माझ्यावर.”

“मला माफ करा.”

“खरं लिहायचं होतं, तर आधी माझ्याशी खरं बोलायचं. मी नाही म्हटलं असतं, ते तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून माझाही बळी दिलात.” तो दोन पायऱ्या खाली गेला आणि थांबला. “तुमच्यात आणि मास्तरात फरक काय? दोघांनी दुसऱ्याचा पाय पुढे केला.”



गावाने तिला वाळीत टाकलं नाही. तसं टाकायला एकमत लागतं. इथे जो तो आपापल्या हिशेबाने वागत होता. औषधांच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या तर दुकानदार म्हणाला, “संपल्यात.” खोकं त्याच्या डोक्यामागे फळीवर दिसत होतं. स्कूटरची सीट कोणीतरी पात्याने उभी चिरली. बँकेच्या रांगेत एक बाई तिच्याकडे पाठ करून मोठ्याने मैत्रिणीला म्हणाली, “सख्ख्या भाच्याला विकलं म्हणे. पलीकडून काय मिळालं असेल?” चुन्याच्या रेघा मारणारा म्हातारा तेवढा समोरून आला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही लिहिलं ते खरं आहे. पण आम्हाला ते वाचायचं नव्हतं.” तो भांडायला आलेला नव्हता, तरी बाकीच्या सगळ्यांपेक्षा तेच तिला जास्त लागलं.

बुधवारी पलीकडच्या शहराचा पेपर तिच्या हाती आला. पहिल्या पानावर तिची बातमी जशीच्या तशी छापली होती, वर मथळा: ‘त्यांच्याच ताईंची कबुली!’ पण जशीच्या तशी नव्हती. तिसरा परिच्छेद गायब होता. कोपर नव्हतं, फुटलेला ओठ नव्हता. सहा नंबरचा इस्पितळातला फोटो चार कॉलम होता आणि खाली लिहिलं होतं: ‘आयुष्यात कधीही कोणाला धक्का न लावणारा आपला गुणी मुलगा.’

तिने त्यांच्या वार्ताहराला फोन लावला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

“तुम्ही माझा तिसरा परिच्छेद गाळलात.”

“जागा नव्हती, ताई.”

“चार कॉलमांचा फोटो मावला.”

पलीकडे तो हसला, तोंडातल्या तोंडात. “रागावू नका. मी तुमचं पान रोज वाचतो, अगदी सुरुवातीपासून. मी जे काही शिकलो, ते तुमच्याकडूनच की. गेल्या वर्षी आमच्या गोलकीपरला तुम्ही ‘भेदरलेला बोकड’ लिहिलं होतं. एकोणीसचा होता तो. पुढच्या मोसमात आला नाही खेळायला, माहीत आहे?”

“माहीत नव्हतं.”

“मग आता तुम्ही एकदा खरं लिहिलंत, म्हणून मी पण लिहायचं? माझं गाव मला जिवंत ठेवेल? तुम्हाला तुमचं ठेवतंय का?” आणि त्याने फोन ठेवला.

फुटबॉल संघटनेने चौकशी लावली. पत्र आलं: साक्षीदार म्हणून हजर राहावे. तो दिवस उजाडायला तीन आठवडे लागले. सकाळी अकराला संघटनेच्या ऑफिसात, लांब टेबलामागे तीन सदस्य बसले होते. मधले अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते आणि प्रत्येकाला पूर्ण वाक्यात बोलायला लावायची त्यांना सवय होती. एका बाजूला मास्तर, भाचा आणि भाऊ. दुसऱ्या बाजूला पाय पुढे करून, प्लास्टरमध्ये, सहा नंबर आणि त्याची आई. ती बाई कुठल्याशा कारखान्यातून पाळी अर्धी टाकून आली होती, ओळखपत्र अजून गळ्यात लटकत होतं.

तिने जे बघितलं ते सांगितलं. आधी कोपर सांगितलं, कारण ते आधी घडलं होतं.

सहा नंबरची आई मधेच उभी राहिली. “माझ्या पोराच्या पायात सळई घातलीये. वर्षभर जमिनीवर नीट टेकणार नाही. आणि तुम्ही कोपराचं सांगताय?”

“तेही झालं होतं,” ती म्हणाली.

“तुम्हाला काही लाज?”

अध्यक्षांनी बाईंना बसायला सांगितलं. सहा नंबर खिडकीबाहेर बघत होता. मग तिने मास्तरची सहा बोटं सांगितली, नडगीवरचा हात सांगितला, भाच्याने हलवलेली मान सांगितली. भाच्याकडे न बघता सांगितलं. त्याच्याकडे बघितलं असतं तर कदाचित मान हलवल्याचं राहून गेलं असतं.

मास्तर उठला. त्याचा घोगरा आवाज त्या छोट्या खोलीत मोठा वाटला. “मी बचावात सहा जण ठेवा म्हणून खुणावलं. नडगीला माशी बसली होती.” कोणीतरी खाकरलं. “आणि साहेब, या बाईंचा शब्द काय मोलाचा ते यांच्याच लेखणीतून बघा.” त्याने एक जाड फाइल टेबलावर ठेवली. कात्रणं होती. भावाच्या घरात, वहिनीने वर्षानुवर्षं चिकटवून ठेवलेली. एवढंच काय, टीव्हीच्या वरची चौकटसुद्धा काचेसकट आणली होती.

अध्यक्षांनी पानं उलटली. “‘शिस्तीचा आदर्श,’” त्यांनी वाचलं. “‘या मुलाच्या पायात न्याय आहे.’ हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“गेल्याच वर्षी. याच खेळाडूबद्दल.”

“हो.”

“तेव्हा खरं लिहिलं होतं की आता खरं सांगता आहात? पूर्ण वाक्यात सांगा.”

भाऊ तिच्याकडे बघत होता. सबंध तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ‘तेव्हाही खरंच होतं, त्या दिवशी त्याचा तोल गेला,’ असं म्हणता आलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं, तिला अशी वाक्यं करायची सवय होती. त्याने भाचा थोडा सुटला असता आणि तीही.

“तेव्हा मी खोटं लिहिलं,” ती म्हणाली. “त्याने तीन जणांना जायबंदी केलं. ते मला दिसत होतं आणि मी त्याचं कौतुक छापलं. एकोणीस वर्षं मी आमच्या गावाला आवडेल ते लिहिलं.”

“म्हणजे तुमच्या लिखाणावर समितीने विश्वास ठेवू नये, असं तुम्ही म्हणता?”

“आधीच्या नको.”

अध्यक्षांनी ते टिपून घेतलं. मग ते भाच्याकडे वळले. “तुम्हाला काही सांगायचं आहे?”

भाचा उठला. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. “आत्या खोटं बोलतेय,” तो म्हणाला. “मला मास्तरांनी काही सांगितलं नाही. मी बॉलसाठीच गेलो.” तो बसला आणि पुन्हा अर्धवट उठला. “हाडं मोजून जा, हे कोणी लिहिलं होतं? मी नव्हतं लिहिलं. मी एकवीसचा होतो. दुसऱ्या दिवसापासून सगळे मला तसंच खेळ म्हणायला लागले.”

मास्तरने त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

निकाल आठवड्याने आला. कप्तानाला आठ सामन्यांची बंदी, कारण पाय मोडला होता आणि ते नाकारता येत नव्हतं. सहा नंबरला कोपराबद्दल दोन सामन्यांची. ती त्याने पलंगावर पडूनच भोगली असणार. मास्तर सुटला. त्याच्याविरुद्ध एकच साक्षीदार होता आणि ‘सदर साक्षीदाराने स्वतःच्या लिखाणाची अविश्वसनीयता स्वतःच मान्य केली आहे,’ असं निकालपत्रात लिहिलं होतं. ते वाक्य तिने पुन्हा पुन्हा वाचलं. व्याकरणात चूक नव्हती.

कप्तानावाचून क्लब अंतिम सामना तीन-शून्यने हरला. पाहुण्यांचा प्रशिक्षक नंतर म्हणाला की मधोमध भगदाड होतं. गावाच्या मते ते भगदाड ताईने पाडलं होतं. संपादकांनी तिला निवृत्तीचा कागद पाठवला, शेवटी ‘शुभेच्छा’ लिहून. तिचं पान एका उत्साही तरुणाला मिळालं. तिला शालेय पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं. मागच्या खोलीत, दिवसभर काना-मात्रा. तिथल्या मालकाला खेळातलं काही कळत नव्हतं, आणि त्याबद्दल ती त्याची मनातून आभारी होती.

एकदा वहिनीचा फोन आला. मागून नळ वाहत होता, म्हणजे ती मोरीत जाऊन बोलत होती.

“तो सरावाला निघतो आणि कोपऱ्यावरून परत येतो,” वहिनी म्हणाली. “जेवत नाही धड. तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.”

“मी येऊ का?”

“नको. आलात तर हे घर सोडून जातील. आणि मलाही नकोय. तुम्ही केलंत ते बरोबर असेल, वन्सं, पण माझ्या घरात आता कोणी कोणाशी बोलत नाही.” नळ बंद झाला आणि फोनही.

सात महिन्यांनी नव्या मोसमात त्याची बंदी संपली. त्याचा परतीचा सामना बघायला ती गेली. तिकीट काढून, स्टँडमध्ये. कप्तानाची पट्टी आता विंगरच्या दंडावर होती. एकच खुर्ची रिकामी दिसत होती, भावाच्या शेजारची. ती रांगेत शिरली तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता आपला कोट काढला आणि त्या खुर्चीवर ठेवला. ती मागे वर गेली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. आजूबाजूचे दोघं-तिघं सरकले.

भाचा जड झाला होता. बॉल पायाशी आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. अडतिसाव्या मिनिटाला पाहुण्यांचा एक खेळाडू बॉल घेऊन मधून सुटला आणि समोर फक्त भाचा उरला. स्टँड उठून उभा राहिला. “घे त्याला,” मास्तर ओरडला. भाच्याचा उजवा पाय पुढे गेला, बॉलच्या दिशेने, थेट त्या पोराच्या नडगीच्या दिशेनेही, आणि तिथेच थबकून मागे आला. पोरगा बाजूने निघून गेला. गोल झाला.

आधी एक जण ओरडला, मग सगळा स्टँड. ज्यांनी त्याला खांद्यावरून मिरवलं होतं, त्याच लोकांच्या तोंडातून त्याच्या आईपर्यंतच्या शिव्या आल्या. “आत्याच्या पदराखाली जाऊन बस,” कोणीतरी म्हणालं आणि हसू पिकलं. मास्तरने राखीव बाकावरच्या एकाला उठवून अंग गरम करायला लावलं.

भाऊ उठला. खुर्च्यांमधून वाट काढत, चार पायऱ्या चढून तिच्यासमोर आला.

“बघितलंस काय करून ठेवलंस त्याचं?”

“बघितलं.”

“मग लिही ना आता. घाबरला म्हणून लिही.”

“तो घाबरला असं मला वाटत नाही.”

“मग काय झालं?”

तिने मैदानाकडे बघितलं. भाचा गोलच्या खांबापाशी कमरेवर हात ठेवून उभा होता, मान खाली. पाय पुढे गेला तो तिने बघितला होता, मागे आला तोही. मधे त्याच्या डोक्यात काय गेलं ते इतक्या वरून कोणालाच दिसण्यासारखं नव्हतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

भाऊ थोडा वेळ तिथेच थांबला, ती अजून काही म्हणेल अशा अपेक्षेने. तेवढ्यात खाली बदली खेळाडूची पाटी वर झाली आणि भाचा मैदानाबाहेर चालायला लागला. लोक त्याच्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकायला लागले तसा भाऊ वळला आणि धावत, माणसांना कोपरांनी बाजूला सारत, कठड्याकडे खाली गेला.